डाव्या बुटातलं गवत

विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना सगळी वसाहत पाठीमागे किडेबाई म्हणायची, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांचा जीव अडकला होता इमारतीमागच्या गवतात. तिथल्या पातीच्या दोन सालींमध्ये तांदळाच्या कणीएवढी अळी राहायची, आतला हिरवा गर खात पुढे सरकायची आणि मागे पांढरी रेघ ठेवायची. तिचा पतंग कसा दिसतो ते बाईंना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. पात तोडून आणली तर सुकायची. कुंडीत लावली तर घरची मांजर तिच्यावर ताव मारायची. आणि अळी पोसते न पोसते तोच वसाहतीचे सेक्रेटरी गवत कापून मोकळे व्हायचे.

यंदाही कापणीची सूचना लागली. बाईंनी विनवून पाहिलं, तर म्हणतात कसे, "किड्यांसाठी गवत ठेवू? उद्या उंदरांसाठी धान्य ठेवा म्हणाल."

मग मात्र बाईंची सटकली. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तोंडात तीळ भिजत नाही हे हेरून त्या कुजबुजल्या, "गवतात साप दिसला हो." आता तिथे पाऊल टाकायची कोणाची छाती होणार, असं म्हणत निवांत चहाला बसल्या.

चहा संपायच्या आत मागून धपाधप आवाज आला. खिडकीतून पाहतात तर अख्खी वसाहत काठ्या-झाडू घेऊन गवतावर तुटून पडलेली, आणि सगळ्यांत पुढे सेक्रेटरी थयथया नाचतायत. साप साप म्हणून भुई धोपटणं बाईंनी आजवर नुसतं ऐकलं होतं.

त्या खाली पोचेस्तोवर गवताचा पार भुगा झाला होता. बाईंना रडूच कोसळलं. मान खाली घातली, तर सेक्रेटरींच्या डाव्या बुटाच्या उसवलेल्या तळात मुळासकट, मातीसकट अडकलेली एक पात दिसली. पांढऱ्या रेघेची. बाईंनी मटकन खाली बसून दोन्ही हातांनी तो पाय धरला.

बाई माफी मागतायत असं वाटून सेक्रेटरी विरघळले. "अहो बाई, पाय कसले धरता? साप नव्हताच ना? जाऊ द्या, झालं गेलं विसरा."

"विसरते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पण हा बूट द्या."

बूट बाईंच्या खिडकीत बसला, त्याला रोज चमचाभर पाणी. मांजरीने तो एकदाच हुंगला आणि स्वयंपाकघरात मुक्काम हलवला. अळी पातीतून बाहेर आली आणि नाडीशेजारी स्वतःला धाग्याने बांधून कोष करून राहिली. सेक्रेटरी चपला फटफटवत बूट मागायला यायचे, बाई त्यांना परत धाडायच्या.

एका सकाळी मात्र बाईंनी त्यांना आत ओढलं आणि हातात भिंग दिलं. नाडीवर पापणीच्या केसाएवढा चंदेरी पतंग पंख वाळवत बसला होता. सेक्रेटरी वाकून बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्याशासाठी?" ते म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, "उजवा पण आणून देऊ का?"