शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं?

आमच्या घरात भांडण कुणालाच धड जमत नाही, अबोला धरायला मात्र सगळे तरबेज. बाबांनी निम्म्या शहराला गाडी शिकवलेली. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःचीच गाडी स्वतःच्याच फाटकावर घातली आणि दादाने किल्ली लपवून ठेवली. तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. एकाच घरात राहणारे हे दोघं माझ्यामार्फत फोनवर बोलायचे. तुझ्या भावाला सांग, गिझर बिघडलाय. मी वैतागायचे, पण निरोप पोचवायचे.

म्हणून त्या दुपारी दादाचा फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा गिझर. तो म्हणाला, जेवायला घरी आलोय तर बाबा खोलीत जमिनीवर पडलेत, तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाहीये. मी प्रयोगशाळेत होते आणि समोरच्या पिंजऱ्यात एक उंदीर अगदी त्याच अवस्थेत पडला होता. मी तशीच निघाले. हातमोजे काढायचे राहिलेत हे हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये लक्षात आलं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून येणारा झटका, हाच माझा अभ्यासाचा विषय. रक्त थांबलं म्हणून सगळ्या पेशी लगेच मरत नाहीत. पेशीच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतात, घराच्या दारावर बेल असते तसे. पहिल्या काही तासांत या बेल्स अशा काही वाजत सुटतात की आतली पेशी स्वतःलाच संपवून टाकते. तेव्हा त्यांचा आवाज बंद करता आला तर पुष्कळ पेशी वाचतात. आम्ही यातल्या एकाच रिसेप्टरच्या हात धुऊन मागे लागलोय. पण तो दुतोंडी निघाला. पुढे मेंदू डागडुजीला लागतो तेव्हा मदत बोलवायला हीच बेल वाजवतो, आणि नेमकी तेव्हा ती बंद केली तर काय होतं ते मी पाहिलंय. पाय टाकायला लागलेले उंदीर पुन्हा पाय ओढत फिरायला लागले.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई माझ्याहून लहान होत्या. त्यांनी सांगितलं की गुठळी विरघळवायच्या औषधाची वेळ टळली आहे, आणि रक्तवाहिनी इतकी बारीक की गुठळी ओढून काढणंही शक्य नाही. मात्र त्यांच्याकडे झटक्यापासून बारा तासांच्या आत द्यायच्या एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. त्याचं लक्ष्य म्हणजे आमचाच तो रिसेप्टर. मी मीटिंगमध्ये बोलते तशाच थंडपणे त्या बोलत होत्या आणि मला त्यांचा भयंकर राग येत होता. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यांना शेवटचं धडधाकट कोणी पाहिलं, आणि कधी?"

"मी," दादा म्हणाला. "सकाळी नाश्त्याला. माझ्याकडे पेपर मागितला त्यांनी."

तसं असेल तर आपण वेळेत आहोत, डॉक्टर म्हणाल्या. झटका काही तासांपूर्वीचा आहे एवढंच स्कॅनवरून कळत होतं, नेमकी वेळ ठरत नव्हती, त्यामुळे घरच्यांचा शब्द हाच आधार होता. त्या औषध तयार करायला गेल्या. मला हायसं वाटलं. मी बाबांच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसले.

मग हळूहळू डोकं चालायला लागलं. पेपर मागितला? दादाकडे? बाबा पावसात भिजत दुकानापर्यंत गेले असते, पण दादापुढे हात पसरला नसता. मी मनाची समजूत घातली, माणसं समेट करतात, कधीतरी सुरुवात होतेच. मला ते खरं हवं होतं. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. ती पुसताना हाताला खुंट टोचले. बाबा दाढी केल्याशिवाय खोलीबाहेर पडत नाहीत. दाढी न करता नाश्त्याला आलेले बाबा मी आयुष्यात पाहिलेले नाहीत.

मी रुमाल घेऊन तशीच उभी राहिले. बाबा माझ्याकडे टक लावून बघत होते. खरी वेळ फक्त त्यांना माहीत होती आणि त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटत नव्हतं. मी गप्प राहिले असते तर औषध दिलं गेलं असतं, आणि कोण जाणे, लागूही पडलं असतं. माणूस काही उंदीर नाही. बोलले असते तर हातात काहीच उरलं नसतं.

मी दादाला बाहेर पाण्याच्या कूलरजवळ ओढून नेलं. ते तुझ्याशी खरंच बोलले का, विचारलं. तो उखडला, उलटतपासणी घेऊ नकोस म्हणाला. मी त्याचा दंड धरला.

"दादा, हे चुकीच्या वेळी दिलं तर जे सुधारायचं तेही सुधारणार नाही. खरं सांग."

तो भिंतीला टेकला.

"सकाळी दार वाजवलं मी. उघडलं नाही. म्हटलं, बसू दे रुसून." त्याने कूलरकडे तोंड फिरवलं. "आतून आवाज आला होता गं, चिमे. घशातून काढतात तसा. मला वाटलं, मुद्दाम खाकरतायत. मी ऑफिसला निघून गेलो."

रात्री जेवताना ते ठीक होते, एवढंच त्याला नक्की माहीत होतं.

डॉक्टर ट्रे घेऊन येताना दिसल्या तेव्हा दादा सरळ उभा राहिला, पण बोलायला त्याचं तोंड उघडेना. मग मीच सांगितलं, सकाळी नाही, काल रात्री जेवताना. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग औषध देता येणार नाही, असं सांगून त्या ट्रे घेऊन तशाच परत गेल्या.

आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. आता वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. दादा जमिनीकडे बघत होता.

"सकाळीच दार उघडलं असतं तर वेळेत होतो ना आपण?"

होतो. तो आलेख माझ्याच हातचा आहे, प्रत्येक तासाला किती पेशी जातात त्याचा. मला तो डोळे मिटूनही दिसतो.

"काही फरक पडला नसता," मी म्हणाले.

दादाने मान डोलावली आणि पुन्हा काही विचारलं नाही. लहानपणापासून माझं खोटं त्याला लगेच कळतं.