दुधाच्या निमित्तानं

मोहिनिसोचा खोकला थंडी पडल्यापासूनच सुरू झाला होता. सासू सनवबर म्हणायची, तंदूरचा धूर बाधला असेल. कोळसा जपून वापरायचा म्हणून सगळी एकाच खोलीत, एकाच शेगडीभोवती झोपायची. खिडकीच्या फटींतही चिंध्या कोंबलेल्या. तालुक्याच्या इस्पितळात न्यायचं तर गाडी करावी लागणार, आणि मोहिनिसोचा नवरा दिलोवर मॉस्कोत मजुरी करून धाडायचा ते पैसे नव्या छपरासाठी बाजूला ठेवलेले. होईल बरं आपोआप, असं म्हणत सनवबरनं अर्धा हिवाळा काढला. मग एके सकाळी सून रोट्या थापताना खोकली आणि पिठावर रक्ताचे शिंतोडे उडाले. सनवबरनं ते पीठ फेकून दिलं आणि गाडी ठरवली.

क्षय निघाला. औषध फुकट होतं, पण सहा महिने रोज गावच्या दवाखान्यात जाऊन नर्स रूझीगुलच्या समोर गोळ्या गिळायच्या होत्या. दवाखाना नेमका चहाच्या दुकानासमोर.

"तिथं रोज गेली तर गावभर होईल," सनवबर रूझीगुलला म्हणाली. "माझ्या लेकीचं, फरझोनाचं लग्न ठरलंय. त्या लोकांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"मावशी, गोळ्या चुकल्या तर सून हातची जाईल."

"मग तूच घरी ये. कुणी विचारलं तर सांग, दूध न्यायला जाते."

रूझीगुलला हसू आलं. "माझ्या गोठ्यात गाय आहे, मावशी."

"आटली म्हण."

रूझीगुल किटली घेऊन रोज येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं खिडकीतल्या चिंध्या उपसल्या.

"कोळसा काय तुझा बाप पुरवणार आहे?" सनवबर करवादली.

"रजया जास्त घ्या. पण वारा खेळू दे." मग घरातल्या सगळ्यांची तपासणी करून तिनं विचारलं, "तुम्ही दोघी मायलेकी ठीक आहात. मग हिला कुणाकडून लागलं?"

"मला काय ठाऊक," सनवबर म्हणाली. ठाऊक होतं. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत दिलोवर घरी आला होता, तेव्हा भिंतीकडे तोंड करून खोकत असायचा.

तिनं त्याला फोन लावला.

"आई, मुकादम आम्हा सगळ्यांना एकाच तळघरात झोपवतो, कुणी ना कुणी खोकतंच."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं आणि तसलं काही निघालं, तर देशातून हाकलून देतील. पुन्हा येऊ देणार नाहीत. छपराचं काय? फरझोनाच्या लग्नाचं काय?"

सनवबरनं फोन ठेवला.

बर्फ वितळू लागलं तसा मोहिनिसोचा खोकला कमी झाला, गालांवर रंग आला. एक दिवस शेजारीण ओयशा कुंपणापाशी थांबली. "काय गं, रूझीगुलच्या गाईला वासरू झालं, गोठा दुधानं भरलाय, आणि ती तुझ्या दारात किटली घेऊन?"

सनवबर खोटं बोलून थकली होती. "माझ्या सुनेला टीबी आहे. औषध चाललंय. सांग जा कुणाला सांगायचं ते."

दोन आठवड्यांत नवरदेवाच्या आईनं साखरपुड्याची भेट परत पाठवली. फरझोना आईशी बोलेना. पण त्याच सुमारास ओयशा मागच्या दारानं आली, आवाज खाली आणून म्हणाली, "आमचे हे पण फार खोकतात. रूझीगुल आमच्याकडे येईल का गं?"

सनवबरनं पुन्हा फोन लावला. "लग्न मोडलं. छपरावर मी ताडपत्री टाकलीय. आता तिथं कशासाठी बसलायस?"

दिलोवर आला. विमानतळावर मोहिनिसोनं त्याला चालीवरून ओळखलं. चेहरा ओळखण्यासारखा उरलाच नव्हता. तिकडे चोरून घेतलेल्या अर्धवट गोळ्यांमुळे त्याचा आजार आता नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नव्हता. त्याला राजधानीतल्या मोठ्या इस्पितळात ठेवून घेतलं.

उन्हाळ्यात मोहिनिसोचे औषधाचे सहा महिने पुरे झाले, ती बरी झाली. मॉस्कोहून पैसे यायचे थांबले, म्हणून ती आणि फरझोना आता बटाट्याच्या शेतात मजुरीला जातात. पहाटेच निघतात. वाटेत फरझोना वहिनीशी बोलते, आईशी मात्र कामापुरतंच.

परवा दिलोवरचा फोन आला होता. "आई, इस्पितळात आमच्या खोलीत सगळे मॉस्कोहूनच आलेत. दोघं गवंडी, एक हमाल, एक रस्ता झाडणारा. आमचा मुकादम तेवढा नाही."

"जेवलास का?" सनवबरनं विचारलं.

"आज निम्मी रोटी खाल्ली."

"निम्मी का? सगळी खा," ती म्हणाली.