पसंतीचा तुकडा

विमानाच्या पंखाचा उरलेला तुकडा, तळहाताएवढा.

पातेल्यात तडतडणारी मोहरी.

नागपूर, मग ओहायो, मग बेंगळुरू.

चांदी? चूक. स्टील? चूक.

आसावरीने साडी नेसायला साफ नकार दिला.

हे सगळं रविवारी सकाळी बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या एका दिवाणखान्यात एकत्र आलं. आसावरीचे वडील नंदकिशोर विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिला पाहायला येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ते आधी तो तुकडा ठेवायचे. "कोणता धातू?" पोहे नंतर. चांदी म्हणणारा गेला. स्टील म्हणणारा अर्धा चहा टाकून गेला. त्यांचं तिला काही वाटलं नाही. नागपूरच्या, ओहायोत राहून इथे आलेल्या ध्रुवला मात्र तिने स्वतः निवडलं होतं. तो नापास व्हायला नको, म्हणून पेपर आधीच फोडून ठेवला होता.

ध्रुवने तुकडा घेतला. उगाच विचार केल्यासारखं केलं.

"अलूमिनम."

आसावरीने डोळे मिटले.

"काय?" नंदकिशोर म्हणाले.

"अलूमिनम, काका. तिकडे असंच म्हणतात."

"तिकडे! जन्मभर मी अ‍ॅल्युमिनियमची विमानं जोडली. अलूमिनमचं एकही उडालं नाही."

"अमेरिकेतही उडतात, काका."

"सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम! यालाच काय धाड भरली?"

"मग प्लॅटिनमला तुम्ही प्लॅटिनियम म्हणता का?"

आसावरीला वाटलं, जिंकला. मग वडिलांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, मेला.

"बाबा, स्वल्प, थोडंसं समजून घ्या ना. उत्तर बरोबर आहे."

"उत्तर अमेरिकन आहे."

"आणि तुमचं? इंग्रजांचंच ना?"

"इंग्रज गेले. शिस्त राहिली."

ध्रुव चपला शोधायला लागला. तेवढ्यात आतून आसावरीची आई, प्रेमा, पातेलंच घेऊन बाहेर आली आणि तिने ते त्या तुकड्याशेजारी आदळलं. दोन्हींचा रंग एकच.

"तुमच्या भांडणात पोहे लागले तळाला. बस रे ध्रुव. आणि अहो, तुम्ही मला बघायला आला होतात, तेव्हा मी काय उत्तर दिलं होतं, ते सांगू का याला?"

"नको."

"सांगतेच."

"नको म्हटलं ना!" नंदकिशोरांनी घाईघाईने बशी भरली आणि ध्रुवपुढे सरकवली. "मुलगा बरा आहे. खा."

"काका, हे करपलेत."

"खरपूस म्हणायचं. इथे तरी नीट नाव घे."

आसावरीने तो पंखाचा तुकडा उचलला आणि पातेल्याचा तळ खरवडायला घेतला. कोणीही अडवलं नाही.

मिरजेत, बघण्याच्या कार्यक्रमात, हाच तुकडा हातात घेऊन प्रेमा म्हणाली होती, "जर्मन", कारण तिच्या माहेरी या धातूच्या भांड्यांना सगळे जर्मनचीच भांडी म्हणत, आणि नंदकिशोरांनी तिथल्या तिथे होकार दिला होता.