सवाल न टाकता नेलेला डफ

मित्रांनो, मला जुना म्हणा, फाटका म्हणा, माझी ना नाही. शोभेचा म्हणाल तर मात्र राग येईल. मी कलगीवाल्या वली शाहिराचा डफ. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी एका सुताराने माझं लाकडी कडं वळवलं, वलीच्या बापाने त्यावर बकरीचं कातडं ताणलं आणि कडेला रेशमी झुपका बांधला. तोच झुपका म्हणजे कलगी.

गाण्याचे आमच्याकडे दोन पक्ष, कलगी आणि तुरा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. ज्याला जवाब सुचला नाही त्याने आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. शाहिराचा डफ दुसऱ्याच्या हाती जातो तो असा, हरल्यावरच. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

तुऱ्याचा मोठा शाहीर हिवरखेडचा शालिकराम. फडात तो आणि वली एकमेकांची सालटी काढायचे आणि फड उठला की एका ताटात भाकर खायचे. कोणीच कोणाचा डफ नेला नव्हता.

सन साठच्या सुमारास अमरावतीत लोकगीतं जपायला एक संस्था निघाली. वकील, प्राध्यापक, जिनिंगवाले असे विश्वस्त जमले. त्यांच्यात गाणारा एकही नाही म्हणून लोक हसले, तेव्हा कुठे वलीला बोलावून विश्वस्त केलं. त्याच्या गळ्यात हार पडला, मला टाळ्या पडल्या. त्यानंतर मी खुर्चीखाली पडलो. दर बैठकीला चहा यायचा, मागचा ठराव वाचला जायचा, नवा मांडला जायचा. गाणं काही यायचं नाही. वली जांभया दाबायचा आणि परतीच्या मोटारीत म्हणायचा, "फडात गळा बसते बाप्पा, इथं तं अख्खा मानूसच बसते."

एका बैठकीत अध्यक्ष भगवंतराव वकील म्हणाले, "जुनी वाद्यं नाहीशी होत आहेत. शाहिरांकडून दान घेऊ, काचेच्या कपाटात मांडू." सगळ्यांनी माना हलवल्या. वलीनेही हलवली, सही केली आणि पहिलं नाव त्यानेच सुचवलं, शालिकरामचं. त्या डफासारखा आवाज उभ्या वऱ्हाडात नाही, हे वली फडात मेला तरी कबूल करत नसे.

मला खांद्यावर टाकून तो हिवरखेडला गेला. शालिकरामने डफ आणून पुढ्यात ठेवला, पण हात काढला नाही.

"सवाल न टाकता नेऊन राहिला काय, वलीभाऊ?"

"अरे, मी कुठं कलगीवाला म्हणून आलो? संस्थेचा मानूस म्हणून आलो," वली हसला. "कपाटावर तुहं नाव लागन. लेकरं पाहतीन."

दारी आलेल्याला रिकाम्या हाती धाडणं शालिकरामला जमत नसे. त्याने हात काढला.

त्या दिवशी गावचा बाजार होता. वलीने दोन्ही डफ एकाच खांद्याला अडकवले, खाली तुरा, वर मी, आणि भर बाजारातून मोटार पकडायला निघाला. माझ्याखाली दबलेला तो डफ पावलागणिक थडथडत होता. वली आपल्या मनाने संस्थेचा माणूस म्हणून चालला होता. बाजाराने मात्र शालिकरामचा डफ घेऊन जाणारा कलगीवाला पाहिला. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. पण थाप दिल्याशिवाय डफाला तोंड नाही.

पुढे मनकर्णाबाई, शालिकरामची बायको, अकोल्याला वलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"लोक फडाले बोलावत नाईत भाऊ. मागं झील धरनारे पोट्टे सोडून गेले. म्हन्तेत, बुढा हारला तं सांगत काहून नाई? अन् बुढा बोलतच नाई. भिंतीले पाठ लावून बसून राह्यते."

"पन वहिनी, सवाल तं कोनी टाकलाच नाई!"

"हे मले काहून सांगता? बाजाराले सांगा."

वलीने बैठकीत डफ परत मागितला. भगवंतराव म्हणाले, "वलीसाहेब, दान परत जात नसतं. ठरावावर तुमचीच सही आहे."

प्राध्यापक म्हणाले, "शाहिरांच्या रुसव्याफुगव्यात संस्थेनं पडू नये."

"रुसवा? साहेब, मानसाचं नाव गेलं!"

"तुम्ही आता शाहीर नाही. विश्वस्त आहात."

वली मला उचलून उठला. थकला होता. जाताना तो कपाटासमोर थांबला. आत तुऱ्याच्या डफाचं कातडं सैल पडून सुरकुतलं होतं. खाली सुंदर अक्षरात नावाची चिठ्ठी होती. मित्रांनो, खरं सांगतो, मला त्या वकिलाइतकाच वलीचाही राग आला. वकिलाला माहीत नव्हतं. याला माहीत होतं, आणि खुर्चीवर बसून हा विसरला.

पुढच्या बाजाराला वली पुन्हा हिवरखेडला गेला. शालिकरामच्या अंगणात, लोकांदेखत, तो मला त्याच्या पायाशी ठेवायला वाकला. शालिकरामने पाय मागे घेतले.

"भीक नोको मले. आला तं सवाल टाक."

मनकर्णाबाईने घमेल्यात विस्तव आणला. आम्हाला शेकलं की कातडं ताणतं आणि आवाज खुलतो. वलीने मला शेकलं, थाप मारली. बाजार गोळा झाला. वली गायला:

"मेलं कातडं बोलते गड्या, जित्ता मानूस काहून मुका?"

शालिकराम भिंतीपासून सरकला. डफ नव्हता, मांडीवरच ठेका धरला. इतके दिवस न वापरलेला आवाज आधी फाटला, मग लागला:

"कातडं निजलं तं शेकते कोनी, मानसाले शेकन कोन सखा?"

हा जवाबही होता आणि उलटा सवालही. वलीची बोटं माझ्यावर थांबली. मी वाट पाहिली. बोटं गार पडत गेली. तो मुद्दाम हरला असं काही जण म्हणतात. त्याची बोटं माझ्यावर होती, त्यांच्यावर नव्हती. त्याच्याजवळ जवाब नव्हता.

त्याने मला खाली ठेवलं. या वेळी शालिकरामने पाय मागे घेतले नाहीत.

"जेवून जा, हारेल मानसा," तो म्हणाला.

आता शालिकराम मला वाजवतो. मागे झील धरणारे साथीदार परत आलेत. वली फडात श्रोत्यांत बसतो, हात रिकामे. अमरावतीच्या बैठकांना जाणं त्याने सोडलेलं नाही. दर वेळी तो तुऱ्याचा डफ परत मागतो, आणि दर वेळी चहा येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. जपाच. आम्हाला शेका, वाजवा, उन्हापावसापासून सांभाळा. पण एखाद्याच्या दारी वस्तू मागायला जाल, तेव्हा आधी त्यालाच विचारा की ही गेल्यावर तुझ्याजवळ काय उरेल. तो गप्प राहिला, तर हात पुढे करू नका.