जे मला जाळता आलं नाही

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. माझी घडणच तशी आहे. आडव्या ठेवलेल्या पिंपासारखं माझं लांबलचक पोलादी अंग सतत गोल फिरत राहतं. तापलेली असताना मला थांबवलं, तर मी माझ्याच वजनानं मधोमध वाकते. म्हणून वीज गेली की माणसं धावत येतात आणि मला हातानं फिरवत ठेवतात.

शहराचं सांडपाणी जिथं येऊन पडतं, तिथं माझा मुक्काम. पाणी निवळून पुढं जातं आणि तळाशी बसलेला काळा, चिकट गाळ माझ्या वाट्याला येतो. तुम्ही नाकाला रुमाल लावाल, मी तोंड उघडते. बाहेरची हवा लागू न देता तो गाळ मी पोटात भाजते आणि दुसऱ्या टोकानं कोरडी काळी भुकटी बाहेर टाकते. वास जातो, रोगजंतू मरतात, ढीगभर गाळाची टोपलीभर भुकटी होते. पाहुणे यायचे, ती भुकटी हातात घेऊन हुंगायचे आणि माझी तोंड भरून स्तुती करायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

माझ्या चालकाला सगळे भोंगा म्हणतात. माझ्या घरघरीवर आवाज चढवून चढवून त्याचा गळा असा झालाय, की तो कुणाच्या कानात काही सांगू लागला तर फाटकावरचा पहारेकरी उत्तर देतो. मनानं मात्र मोठा माणूस. धाकट्या बहिणीच्या अंगणात काही उगवत नाही म्हणून तो तिला माझ्या भुकटीची पोती नेऊन देऊ लागला. अंगण हिरवंगार झालं. त्याची भाची एरवी भाजी पाहिली की तोंड फिरवायची, पण मामाच्या काळ्या मातीतला पालक ती मागून मागून खाऊ लागली. हे भोंगा मला रोज सांगायचा. म्हणजे सगळ्या आवारालाच सांगायचा.

आणि मला चैन पडेना. माझ्या पोटात काय जळतं आणि काय जळत नाही, ते मला ठाऊक होतं. शिसं, निकेल, कॅडमियम हे धातू मी कितीही तापले तरी नाहीसे होत नाहीत. गाळ आटतो, ते बहुतेक तिथंच राहतात, आणि ढीगभर गाळातले धातू त्या टोपलीभर भुकटीत दाटीवाटीनं गोळा होतात. मी नवी होते तेव्हा भुकटीची तपासणी झाली होती आणि ती चांगली निघाली होती. पुढं वरच्या गल्लीत लोखंडाला मुलामा देणारे कारखाने आले, माझ्या तोंडी येणाऱ्या गाळाची चव बदलली, पण जुन्या शाबासकीवर सगळे निर्धास्त होते. मी खडखडले, गचके दिले. भोंग्यानं मला वंगण पाजलं.

एका दुपारी त्याचे मेहुणे, म्हणजे भाचीचे वडील, पोती न्यायला स्वतःच आले. ते वरच्या गल्लीतल्याच एका कारखान्यात नटबोल्टांवर मुलामा चढवतात. माझ्या तोंडात पडणारा गाळ बघत ते उभे राहिले.

“दादा, हा गाळ कुठनं येतो हो?”

“सगळ्या शहरातनं. तुमच्या गल्लीचा पाईपसुद्धा इथंच येतो की, भाऊजी.”

“आमचा?” मेहुण्यांचा हात पोत्यावरच राहिला. “आम्ही मुलाम्याच्या हौदातलं पाणी सरळ मोरीत सोडतो. मालक म्हणतात, पुढं भट्टीत सगळं जळून जातं.”

“मग जळतंच की. बघा ना, वास तरी येतोय का?”

“दादा, वास गेला असेल. पण धातू कसा जाईल? चुलीवर ठेवलेला तवा कधी जळून गेलाय का?”

भोंग्यानं अगदी हळू विचारलं, “पोरगी कधीपासून खातेय तो पालक?” ते कुजबुजणंही पहारेकऱ्यापर्यंत पोचलं आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला.

“थंडी सुरू झाल्यापासनं,” मेहुणे म्हणाले आणि पोत्याशेजारीच खाली बसले. “दिवसा मीच सोडायचं आणि संध्याकाळी मीच घरी न्यायचं.”

भोंगा तडक साहेबांकडे गेला. काय बोलला ते सगळ्यांनीच ऐकलं. भुकटी तपासायला गेली, माझा जाळ बंद झाला. अंगणातले वाफे उकरून माती पोत्यांत भरली गेली आणि ती पोती परत माझ्या दाराशी आली. त्यांच्याबरोबर भाचीही आली होती. रक्त काढलं होतं तिथं, कोपराच्या आतल्या बाजूला, तिनं कापूस दाबून धरला होता.

“मामा, माझा पालक का उपटला?”

भोंगा तिच्यासमोर उकिडवा बसला आणि काहीतरी म्हणाला. मी त्याच्या पाठीशीच होते, मित्रांनो, पण मलासुद्धा ऐकू आलं नाही.

आता मी पुरती गार झाले आहे. गार भट्टीला फिरवावं लागत नाही, तरी मी आतून थांबलेली नाही. माझं एवढं ऐका. मोरीत काही ओतताना, पुढं भट्टी आहे, असं म्हणू नका. माझी भुकटी कुणाच्या अंगणात टाकण्याआधी नुसती हुंगू नका, दर वेळी नीट तपासून घ्या. त्या मुलीच्या रक्ताच्या तपासणीचं उत्तर अजून यायचं आहे.