अण्णांच्या घरचं रीडिंग

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून पहिला घास हातात घेतला होता. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम म्हणाला, "अण्णांचं विजेचं बिल उणे आलंय."

"उणे म्हणजे?"

"म्हणजे आपण काही भरायचं नाही. उलट कंपनीच आपलं देणं लागते."

"मग नाच की आनंदाने!"

"तुला प्रत्येक गोष्टीत थट्टाच सुचते," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून मी घास परत डब्यात ठेवला.

आमच्या वडिलांच्या घरी विजेचं मीटर आत आहे, पुढच्या दाराच्या वर, चिंचोळ्या पॅसेजमध्ये. रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाला आम्ही शिट्टीवाला म्हणायचो. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तो शिट्टीवर गाणं म्हणायचा, दोन दारं ठोठावायचा आणि उरलेल्यांच्या नावापुढे 'घर बंद' टाकून मोकळा व्हायचा. मग कंपनी मागच्या वापरावरून सरासरी काढायची आणि बिल धाडायची. बिल यायचं दादाच्या मोबाइलवर, पैसे भरायचे अण्णा, आणि आकडा नेहमीसारखाच बघून आम्ही बहीणभाऊ निश्चिंत. दिवे लागतायत, टीव्ही चालतोय, म्हणजे अण्णा मजेत आहेत. फोन करायचा, रविवारी दुपारी जेवायला जायचं, संपलं कर्तव्य.

मागचा वापर म्हणजे आई होती तेव्हाचा, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि कंपनीच्या हिशेबात ती अजून मिक्सर लावत होती, इस्त्री करत होती.

या महिन्यात शिट्टीवाल्याच्या जागी एक बाई आली. तिने दार वाजवलं, अण्णांकडून स्टूल मागून घेतलं, वर चढून आकडा वाचला. तिला वाटलं मीटर बंद पडलंय. तपासलं तर मीटर ठणठणीत. बिलावर दादाचा नंबर होता म्हणून तिने त्याला फोन लावला आणि विचारलं, "तुमच्या त्या घरात माणूस राहतो ना?"

"दोन वर्षांत मीटर हललंय ते पंखा फिरेल इतकंच," दादा सांगत होता. "काळोखात बसून राहतात गं ते. आपण काय ठरवलं होतं? जमतंय तोवर ते तिथे, जमेनासं झालं की माझ्याकडे. त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. मी खोली रिकामी करतोय. रविवारी टेम्पो सांगतो."

"आज मी जाऊन बघते. तोवर टेम्पोबिंपो सांगशील तर याद राख."

फोन ठेवला आणि मग मला राग यायला लागला. माझा राग म्हणजे दूध उतू जावं तसा, येतो म्हणेपर्यंत शेगडीभर झालेला असतो. रोज संध्याकाळी मी फोन करते. काय करताय अण्णा? बातम्या लावल्यात. मागे बातम्यांचा आवाजही असायचा. म्हणजे तो सेलवरचा रेडिओ! आई गेल्यावर 'एकट्याला काय करायचाय' म्हणत फ्रिज माझ्या घरी पाठवून दिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण उंटावरच्या शहाण्याला खालचं काय दिसणार?

दिवेलागणीला मी गल्लीत शिरले. सगळ्या खिडक्या उजळलेल्या, कुणाच्या घरात भांडण, कुणाच्या घरात गाणं. आमचं घर तेवढं काळं. दार नुसतं लोटलेलं होतं, ते मी ढकललं. खिडक्यांना आईचे ते जाड पडदे, त्यामुळे रस्त्यावरचा उजेडही आत येत नव्हता. मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात सुरी चालत होती, कच् कच् कच्, एका लयीत.

"अण्णा!"

"ये गं. चप्पल डावीकडे काढ, उजवीकडे बादली आहे."

"मी आहे हे कसं कळलं?"

"इतक्या प्रेमाने दार दुसरं कोण ढकलतं? बिजागरी अजून रडतेय बघ."

मी चाचपडत बटण शोधलं. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"बल्ब काढून ठेवलेत," आतून आवाज आला. सुरी थांबली नव्हती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शोभतं का हे तुम्हाला? कुणाला दाखवताय? मुलांनी वाऱ्यावर सोडलं म्हणून? हात कापून घेतलात म्हणजे? पडलात म्हणजे? दादा तिकडे खोली रिकामी करतोय, आणि बरोबरच करतोय!" असं बरंच काही. बोलता बोलता मी मोबाइलचा दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले.

अण्णा ओट्याशी कांदा चिरत होते. चकत्या इतक्या पातळ, इतक्या सारख्या, की मी दिवसाउजेडी कापल्या नसत्या. त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या भिंतीकडे.

"जरा मधे सरक," ते म्हणाले. "तिथे तू मला दिसत नाहीस."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. मी मधे सरकले. तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर आली आणि ते हसले. "हं, आता दिसलीस. वाळलीस की."

मी मोबाइलचा दिवा त्यांच्या डोळ्यांवर धरला.

"काचबिंदू," अण्णा म्हणाले. "मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. यात गेलेलं परत येत नाही. कडेकडेने मिटत येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते टिकवू, जमेल तितके दिवस. थेंब मी एकदाही चुकवलेले नाहीत, तेव्हा त्यावरून ओरडू नकोस."

"कधीपासून?"

"तुझी आई गेली त्याच्या पुढच्याच महिन्यात कळलं."

माझे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अख्ख्या बाजारात त्यांच्या हाताची अक्षरं आहेत. फूटपट्टी न लावता ओढलेली त्यांची रेघ बघायला लोक शिडीखाली थांबायचे. असल्या माणसाला हे कळलं आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर दादाने दुसऱ्या दिवशी उचलून नेलं असतं. पोरगा गुणी आहे, सून गुणी आहे. पण तिथल्या भिंती मला ओळखत नाहीत, बाळ. मी आंधळा होऊन तिथे गेलो, तर बसवलं तिथे बसेन आणि वाढलं ते खाईन. इथे शिकून घेतलं, तर दृष्टी जाईल, पण मी घरात असेन." त्यांनी कांदा पातेल्यात लोटला. एक चकती बाहेर पडली नाही. "शेवटी जे करावं लागणार ते दिसतंय तोवरच करून बघावं म्हटलं. बल्ब राहिला की हात बटणाकडे जातो. म्हणून काढूनच टाकले."

"आणि बिल?"

"ते तर देवासारखं आलं धावून! शिट्टीवाला कधी आत यायचा नाही, बिल नेहमीचंच, तुम्ही दोघं खूश. उजेडाचे पैसे भरले आणि काळोख घेतला. महाग पडला थोडा." ते स्वतःच्याच विनोदावर खुसखुसले. "आता तो दिवा विझव. मला अंदाज येईनासा होतो."

मी दिवा बंद केला.

पुढे जे झालं ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. मी त्या काळोखात पाटावर बसले आणि माझे वडील चहा करायला लागले. लायटरचा टिचका झाला, निळी ज्योत उमटली, तिच्यावर भांडं ठेवलं की पुन्हा सगळं काळं. फडताळातला डबा निघाला. "साखरेला दोन रबरबँड, मिठाला एक," ते म्हणाले. "आधी नव्हते. एकदा खारट चहा प्यालो, मग लावले." पाणी ओतल्याचा आवाज आधी जाड होता, मग चढत चढत बारीक झाला आणि नेमका थांबला. ते कपाटाच्या कोपऱ्याला वळसा घालून गेले, फडताळाचं उघडं दार चुकवून वाकले, परत उभे राहिले. कशाला धक्का नाही, काही सांडलं नाही. मला फक्त आवाज येत होते आणि त्या आवाजांत एक माणूस आपल्या घरात मासोळीसारखा फिरत होता. मी श्वास रोखून ऐकत होते.

"शिकताना फार फुटलं का हो?" मी विचारलं. माझा आवाज आपोआप खाली आला होता.

"कप सगळे गेले. हे स्टीलचे पेले आहेत. एकदा हात पोळला. आणि एकदा न्हाणीघरात दिशाच कळेना. दार सापडेना. भिंतीला धरून रडलो मी, लहान पोरासारखा. बल्ब परत लावणार होतो त्या दिवशी." गॅस बंद केल्याचा खटका आला. "मग म्हटलं, दार कुठे जाणार आहे? इतकी वर्षं तिथेच आहे. हात लांब केला तर होतंच."

पेला माझ्या हातात आला. माझा हात शोधत नाही, सरळ माझ्या हातात.

"तुला पाणी हवं असेल तर माठ तिथेच आहे," ते म्हणाले. त्यांना माझी परीक्षा घ्यायची होती की काय कोण जाणे. मीही हट्टाने उठले. या घरात मी रांगले, वाढले, पाठ असायला हवं सगळं. चार पावलं टाकली आणि गुडघा कशावर तरी आपटला. वळले तर पुढे भिंत. ती कुठली भिंत? हात पसरले तर हाताला काहीच लागेना. तेवढ्यात कोपराला ओळखीचा खरखरीत हात लागला. "माठ मागे राहिला," अण्णा म्हणाले आणि मला घेऊन गेले. माझ्या बापाला या काळोखाच्या पायऱ्या एकट्याने उतराव्या लागल्या होत्या, आणि त्या ते उतरले होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या पोटी मी जन्मले, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी त्यांचा हात सोडलाच नाही.

आणि बाहेर दार वाजलं. दादा! त्याला कुठला धीर निघायला.

"अण्णा? काय हे? दिवा कुठाय?" म्हणत तो आत शिरला, बादलीला धडकला, "आई गं!" म्हणाला आणि सावरायला पुढे झेपावला. तो स्टुलावरच आपटायचा, पण अण्णा माझ्याजवळून कधी गेले मला कळलंसुद्धा नाही. दादा पडायच्या आत त्यांनी त्याला दंडाला धरलं.

"हळू. इथे स्टूल आहे. रीडिंगवाल्या बाईने हलवलंय, मी जागेवर ठेवायचं विसरलो. बस."

दादा बसला. धापा टाकत म्हणाला, "अण्णा, पुरे झालं. उद्याच चला. रविवारपर्यंतसुद्धा थांबायचं नाही."

"दादा," मी म्हटलं, "गप्प बस आणि चहा घे."

"तू इथे आहेस? आणि काळोखात काय..."

"मेल्या, आधी ऐक!"

मग मी सांगितलं. डोळ्यांचं, बल्बचं, बिलाचं, सगळं. अण्णा दादासाठी चहा करत होते आणि मी बोलत असताना ते आवाज होत होते, टिचका, पाणी, डबा, चमचा. माझ्या शब्दांपेक्षा दादा तेच ऐकत असावा. पेला त्याच्या हातात गेल्याचं मला कळलं. घोट घेतल्याचा आवाज मात्र आला नाही.

दादा रडतोय हे मला समजलं नाही. त्याला बिचाऱ्याला आवाज न करता रडायची सवय आहे, घरातला थोरला ना! पण अण्णांना समजलं. कापडाची सळसळ झाली, आणि दादा दचकून म्हणाला, "अण्णा..."

"पूस आधी," अण्णा म्हणाले. "चहात पडतंय."

बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुणीतरी कुणालातरी जेवायला हाक मारली. माझा भाऊ म्हणजे हट्टाचा दगड, एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी हलायचा नाही. तो आता काय म्हणतो म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. अण्णांचाही असणार, कारण त्यांच्या हातातला चमचा पेल्यावर बारीक किणकिणत होता.

शेवटी दादाने नाक ओढलं. घसा खाकरला.

"न्हाणीघरात धरायला काही नाही ना?" तो म्हणाला. "रविवारी येऊन एक दांडी बसवून देतो. कुठल्या हाताला बसवू?"

चमच्याचा आवाज थांबला.

"उजव्या," अण्णा म्हणाले. "डावीकडे माझा साबण असतो."