खांबाचा जल्लोष

गोल झाला की दहा जण एकमेकांच्या अंगावर पडतात आणि अकरावा आपल्या खांबांपाशी उभा राहून टाळ्या वाजवतो. या अकराव्याचा कुणी विचार करत नाही, आणि त्यात तशी कुणाची चूकही नाही. गोल मैदानाच्या त्या टोकाला होतो, गोलकीपर या टोकाला असतो. तो धापा टाकत तिथे पोचेपर्यंत बाकीचे मिठ्या उरकून परत निघालेले असतात. म्हणून शहाणा गोलकीपर जातच नाही.

ही गोष्ट ज्याची आहे त्याला संघात सगळे खांब म्हणायचे. उंचीवरून म्हणतो असं सांगायचे, पण ते अर्धंच खरं. तो बोलायचाही खांबाइतकंच. संघात पोरं आली, गेली, मोठ्या क्लबांनी उचलून नेली; खांब आपला जागच्या जागी. पंधरा-सोळा वर्षं ज्याने एकाच चौकटीत काढली, त्याच्याशी बोलायचं तरी काय, असं नव्या पोरांना वाटत असावं. तीही पाया पडल्यासारखं हसून पुढे जायची.

जल्लोषाची त्याची स्वतःची एक पद्धत होती. आपला गोल झाला की उजव्या खांबावर एक थाप, डाव्या खांबावर एक थाप, मग उडी मारून वरच्या आडव्या दांड्याला हात लावायचा. संपलं. नंतर हातमोजे घट्ट करत तो लांबवर बघत राहायचा. तिथून त्या ढिगात कोण खाली आहे आणि कोण वर, हेही धड दिसायचं नाही. फोटोवालेसुद्धा सगळे पलीकडच्या जाळ्यामागे बसलेले. या बाजूला रिकाम्या खुर्च्या आणि पाण्याची एक बाटली.

तो गाद्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायचा. खाटेबाहेर पाय जातात म्हणून दुकानदाराने त्याच्या मापाची लांब गादी शिवून दिली होती, आणि अशी गादी आपण आयुष्यात एकच शिवली हे तो दुकानदार गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर खांब बसायचा, दुसरीवर हातमोजे वाळत असायचे. लग्न एकदा ठरता ठरता राहिलं होतं. त्यानंतर कुणी विषय काढला नाही आणि त्यानेही काढला नाही.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन यायचा. ती लांब राहायची, पण त्याचा एकही सामना टीव्हीवर चुकवायची नाही.

"जेवलास का?" हा तिचा पहिला प्रश्न. मग म्हणायची, "काल गोल झाला तेव्हा बघत होते. कॅमेरा मेला त्या नाचऱ्याच्याच मागे. तू कुठे होतास रे?"

"तिथेच होतो, ताई."

"तिथेच म्हणजे कुठे?"

मग तो तिलाच विचारायचा, तू जेवलीस का.

नाचरा म्हणजे संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू. त्याला मोर म्हणायचे. गोल बरे करायचा, पण गोलानंतरचा तमाशा त्याहून बरा करायचा. कंपाउंडवर चढायचा, जर्सी काढून फिरवायचा, समोरच्या संघाच्या लोकांपुढे जाऊन कानाला हात लावून 'काय म्हणालात, ऐकू येत नाही' असं करायचा. या थेरांना कंटाळून हंगामाच्या सुरुवातीला लीगने नवे नियम काढले. जर्सी काढली तर पिवळं कार्ड. कंपाउंडवर चढलं तर पिवळं कार्ड. प्रेक्षकांना डिवचलं, वेळ खाल्ला, तरी पिवळं कार्ड, वर दंड. कोचने कपडे बदलायच्या खोलीत सगळं वाचून दाखवलं आणि प्रत्येक वाक्यानंतर मोराकडे बघितलं. शेवटी म्हणाला, "खांब, तू डुलकी काढलीस तरी चालेल. यात तुझ्या कामाचं काही नाही."

सगळे हसले. खांबही हसला. विनोद चांगलाच होता.

मोर काही वठणीवर येणाऱ्यांतला नव्हता. कार्ड न मिळता मिरवायचं कसं, यावर त्याने डोकं चालवलं आणि होडी काढली. गोल झाला की दहाही जणांनी पळत येऊन एकामागे एक गवतावर बसायचं, पाय पसरायचे आणि एका लयीत वल्ही मारायची. सराव संपल्यावर तो सगळ्यांना बसवून याची तालीम घ्यायचा. शेवटचा माणूस नीट बसत नसेल तर ओरडायचा. खांब त्या वेळी जाळ्यातले चेंडू गोळा करत असायचा. त्याला कुणी 'बस' म्हणालं नाही, कारण त्याने बसायचा प्रश्नच नव्हता. तालमीला कितीही बसता येईल, सामन्यात तो पोचणार होता थोडाच.

हे त्याला कळत होतं. तरी त्याला वाईट वाटायचं. हंगाम संपत आला, क्लबने 'आता थांबू या' असं गोड शब्दांत सांगितलं, फुलांचा गुच्छ कधी द्यायचा हेही ठरलं, तेव्हा खांबाच्या लक्षात आलं की आपण शेकडो वेळा जिंकलो, पण एकदाही कुणाच्या गळ्यात पडलो नाही. शेवटच्या सामन्याच्या सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना त्याने मनाशी ठरवून टाकलं. आज आपला गोल झाला तर धावत सुटायचं. दमछाक झाली तर झाली. एकदा त्या होडीत बसायचं.

त्या सामन्यात त्याच्या संघाचं काहीच अडलेलं नव्हतं. हरले काय, जिंकले काय, तक्त्यात जागा तीच. "तंगड्या सांभाळून खेळा, सुट्टी लागलीच आहे," एवढीच कोचची सूचना. समोरच्यांचं मात्र सगळं पणाला लागलेलं. जिंकले नाहीत तर खालच्या लीगमध्ये जाणार होते. ते जिवावर उदार होऊन खेळत होते आणि खांब त्यांचे फटके एकामागून एक अडवत होता. त्यांच्या गोलात एक टकला, जाडजूड गोलकीपर होता, साधारण खांबाच्याच वयाचा. इतकी वर्षं दोघे एकमेकांविरुद्ध खेळले होते, पण सुरुवातीच्या हस्तांदोलनापलीकडे ओळख नव्हती. गोलकीपरला गोलकीपर जवळून भेटत नाही. सगळा सामना दोघे दोन टोकांना असतात.

सामना संपत आला तरी दोन्ही बाजूंना शून्य. मोराला चेंडू मिळाला, त्याने एकाला चकवलं, फटका मारला आणि पलीकडचं जाळं हललं. खांब धावला.

खांबांना थाप नाही, दांड्याला हात नाही, सरळ धावला. मैदानाच्या मध्यापाशी आल्यावर त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने जर्सी डोक्यावरून ओढली. मोर काढायचा तेव्हा ती कशी फळाच्या सालीसारखी निघायची. पण मोर काही हातात उशीएवढे मोजे घालत नव्हता. लांब बाह्या हातमोज्यांवर येऊन अडकल्या आणि खांबाचं डोकं जर्सीत राहिलं. तो तसाच, आंधळा, धावत राहिला. कडेच्या लाइन्समनने झेंडा वर केला तो नेमका त्या वेळी. मोर ऑफसाइड होता, चेंडू मिळाला तेव्हा नको तितका पुढे उभा होता. गोल झालाच नव्हता, आणि चेंडू आता समोरच्यांचा होता.

खांबाचं डोकं बाहेर आलं तेव्हा त्याला समोर फक्त होडी दिसली. समोरच्यांच्या प्रेक्षकांपुढे, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, सगळे ओळीने बसलेले. मनगटांत अडकलेली जर्सी सांभाळत तो शेवटच्या माणसामागे धपकन बसला. त्याने पाय पसरले आणि बांधलेल्या हातांनी एक वल्हं मारलं.

पुढचे तोवर उठायला लागले होते.

"अरे, झेंडा आहे, झेंडा," कुणीतरी ओरडलं. मोराने मागे वळून बघितलं आणि त्याचा आ वासला. "तू? तू इथे काय करतोयस? गोलात कोण आहे?"

गोलात कुणीच नव्हतं. समोरच्यांच्या एका बचावपटूने हे आधीच हेरलं होतं. त्याने चेंडू गवतावर ठेवला आणि रेफरीकडे न बघता लांब टोलवला. चेंडू खांबाच्या डोळ्यांसमोरून उंच गेला. मध्यरेषेच्या अलीकडे, आपल्याच अर्ध्यात त्यांचा एकटा खेळाडू उभा होता, त्याच्या पुढे कुणी माणूस नव्हता. मोर आणि बाकीचे जीव खाऊन मागे पळाले. खांब उठून उभा राहिला, पण धावला नाही. आता धावून काय उपयोग, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार.

आपला गोल त्याने इतक्या लांबून कधी बघितला नव्हता. किती लहान दिसत होता. त्या खेळाडूने फटकासुद्धा मारला नाही, चेंडू पायाशी घेऊन तो रेषेपलीकडे चालत गेला. कोपऱ्यात उभ्या खांबाच्या पाठीमागे प्रेक्षकांत एकच गलका उठला. समोरच्यांचे सगळे खेळाडू त्या टोकाकडे धावले, बाकावरचे राखीव धावले, त्यांचा म्हातारा कोचही पोट सांभाळत धावला. तिकडे जो ढीग झाला तो खांबाने इतक्या वर्षांत पाहिलेल्या ढिगांपेक्षा मोठा होता. त्याचा संघ कमरेवर हात ठेवून उभा होता, आणि त्यांतल्या एकानेही खांबाकडे बघितलं नाही. त्याला रडू येत होतं. शेवटचा दिवस होता, आणि तोही त्याने स्वतःच्या हाताने घालवला होता.

तेवढ्यात त्याच्या अंगावर काहीतरी आदळलं.

तो टकला होता. गोल सोडून तो हात पसरून धावत सुटला होता आणि जो पहिला माणूस भेटला त्याला त्याने कवटाळलं होतं. "वाचलो रे," तो हुंदके देत म्हणत होता, "वाचलो, वाचलो." त्याचा घाम आणि डोळ्यांतलं पाणी खांबाच्या उघड्या खांद्यावर लागत होतं. त्याची छाती धडधडत होती ती खांबाला आपल्या छातीवर कळत होती. खांबाने जर्सीने बांधलेले हात वर उचलले आणि टकल्याच्या डोक्यावरून मागे नेऊन त्याच्या पाठीवर टेकवले. गोल झाल्यावर त्याला आज पहिल्यांदा कुणीतरी मिठी मारली होती, आणि गोल त्याच्यावरच झाला होता.

थोड्या वेळाने टकल्याने मान मागे करून बघितलं. आपण कुणाला धरलंय हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो ओशाळला.

"माफ कर रे," तो म्हणाला. "जवळ दुसरं कुणी नव्हतं."

"माहीत आहे मला," खांब म्हणाला.

रेफरी धावत आला. खिशातून पिवळं कार्ड काढताना त्याचाही हात जरा रेंगाळला. झालाच नाही त्या गोलाच्या आनंदासाठी, संघ हरत असताना, उघड्या अंगाने प्रतिस्पर्ध्याच्या मिठीत उभ्या असलेल्या माणसाला कार्ड कसं दाखवायचं, हे बहुतेक त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण नियम तो नियम.

"जर्सी काढली, म्हणून," रेफरीने कार्ड वर धरलं. "घालून घ्या आता. खेळ सुरू करायचाय."

"सोड की रे," टकला हळूच म्हणाला. "ते थांबलेत."

"हात अडकलेत," खांब म्हणाला.

घामाने एक हातमोजा निसटून गवतावर पडला होता. त्याचा डावा हात केव्हाच मोकळा झाला होता. तो त्याने टकल्याच्या पाठीवर तसाच राहू दिला.